व्यायामात खर्च होणाऱ्या कॅलरींचा अंदाज: आकडा किती खरा असतो आणि तो स्वतः कसा काढावा

माझी मोठी बहीण रविवार सोडून रोज सकाळी जवळच्या महाविद्यालयाच्या मैदानावर चालायला जाते. तिथली धावपट्टी ४०० मीटरची आहे आणि सर्वांत आतल्या मार्गिकेतून एका तासात १४ फेऱ्या, म्हणजे ५.६ किलोमीटर, हा तिचा ठरलेला नेम आहे. एके दिवशी तिने त्या एकाच तासाचे दोन आकडे माझ्यापुढे ठेवले. मनगटावरील घड्याळ २९० कॅलरी सांगत होते आणि मोबाईलवरील ॲप २४९. मी वहीत गणित मांडले तेव्हा आकडा १६० च्या आसपास आला. चालणारी तीच, मैदान तेच, तास तोच, आणि उत्तरे मात्र तीन. घड्याळाच्या आणि माझ्या आकड्यांतील १३० कॅलरींचा फरक म्हणजे साधारण १४ ग्रॅम तेल, अर्थात फोडणीत जास्तीचा पडलेला एक मोठा चमचा. वजनावर लक्ष ठेवणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने रोजचा एवढा फरक मुळीच लहान नाही.

हे तीन आकडे कुठून येतात, प्रत्येकात कोणती चूक दडलेली असते आणि कागद-पेन्सिल घेऊन त्यातल्या त्यात भरवशाचा आकडा कसा काढता येतो, हे पायरीपायरीने सांगण्यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून ताईचेच आकडे घेतले आहेत: वय ४५ वर्षे, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. वाचकांनी त्या जागी स्वतःचे आकडे घालून सोबत गणित करत जावे.

आधी समजून घ्यायची गोष्ट: खर्च प्रत्यक्ष मोजतात कसा

बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो, ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी असते. या लेखातही कॅलरी म्हणजे किलोकॅलरीच समजावी.

शरीराने खर्च केलेली ऊर्जा मोजण्याचा सर्वांत थेट मार्ग म्हणजे माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजणे. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अशी खोली बांधून माणसांवर प्रयोग केले. आज प्रयोगशाळांमध्ये जास्त वापरली जाते ती श्वास मोजण्याची पद्धत. व्यक्तीच्या तोंडा-नाकावर मुखवटा बसवतात आणि तिने किती ऑक्सिजन वापरला व किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला, हे यंत्राने मोजतात. शरीर एक लिटर ऑक्सिजन वापरते तेव्हा सुमारे ५ कॅलरी ऊर्जा मोकळी होते. त्या वेळी निव्वळ चरबी जळत असेल तर हा आकडा ४.७ च्या आसपास असतो आणि निव्वळ कर्बोदके जळत असतील तर ५ च्या किंचित वर जातो. फरक इतका थोडा असल्याने व्यवहारात ५ धरला तरी चालतो. पुढचे जवळजवळ सारे गणित याच एका आकड्यावर उभे आहे.

तिसरी पद्धत दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशेबासाठी आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनची वजनदार पण निरुपद्रवी समस्थानिके असलेले पाणी प्यायला देतात आणि पुढे एक-दोन आठवडे लघवीच्या नमुन्यांतून ती समस्थानिके शरीराबाहेर पडण्याचा वेग मोजतात. माणूस आपल्या घरी, आपल्या दिनक्रमात राहूनही त्याचा एकूण ऊर्जाखर्च अशा रीतीने कळतो. माणसांवर ही पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे.

आपल्या मनगटावरचे घड्याळ यांपैकी काहीही करत नाही. ते ऑक्सिजन मोजत नाही, उष्णताही मोजत नाही. हाताची हालचाल आणि नाडी यांवरून ते तर्क करते. एवढे लक्षात ठेवले म्हणजे त्याच्या आकड्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे आपोआप कळते.

पहिली पायरी: विश्रांतीचा खर्च काढा

माणूस पलंगावर स्वस्थ पडून असला तरी हृदय, मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे ऊर्जा वापरतच असतात. व्यायामाचा हिशेब या खर्चापासून सुरू करावा लागतो, कारण व्यायामाच्या तासातही हा खर्च चालूच असतो. तो काढण्यासाठी १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्र आज सर्वत्र वापरले जाते:

१० × वजन (किलो) + ६.२५ × उंची (सेंटिमीटर) − ५ × वय (वर्षे), आणि येणाऱ्या उत्तरात पुरुषांनी ५ मिळवावेत, स्त्रियांनी १६१ वजा करावेत.

ताईसाठी हे गणित ५८० + ९६९ − २२५ − १६१, म्हणजे दिवसाला सुमारे ११६३ कॅलरी असे येते. त्याला २४ ने भागले की तासाला सुमारे ४८ कॅलरी.

हे सूत्र भारतीय शरीरांवर बेतलेले नाही, याची जाणीव ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या सूत्रांनी भारतीयांचा विश्रांतीचा खर्च प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो, हे आपल्याकडील संशोधकांच्या ध्यानात आल्याने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आहारविषयक शिफारशींमध्ये तो सुमारे ५ टक्के कमी धरण्याची पद्धत पडली होती. त्याच वजनाच्या युरोपीय व्यक्तीच्या तुलनेत आपल्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे त्याचे एक कारण. म्हणून वरच्या सूत्राचे उत्तर ही वरची मर्यादा समजावी. ज्यांच्या अंगात स्नायू बेताचेच आहेत, त्यांनी तर आकडा कधीही वरच्या दिशेने पूर्णांकित करू नये.

दुसरी पायरी: एकूण खर्च आणि निव्वळ खर्च वेगळे करा

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो आणि बहुतेक वेळा तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. ताई त्या तासात चालायला न जाता घरी स्वस्थ पडून राहिली असती, तरी ४८ कॅलरी खर्च झाल्याच असत्या. म्हणून चालण्यामुळे जास्तीचा जो खर्च झाला, तोच व्यायामाच्या खात्यावर मांडायचा. त्याला निव्वळ खर्च म्हणावे. विश्रांतीचा वाटा धरून जो होतो तो एकूण खर्च. घड्याळे आणि ॲप पुष्कळदा एकूण खर्च ठळक अक्षरांत दाखवतात. काही घड्याळांत ‘सक्रिय’ आणि ‘एकूण’ असे दोन आकडे वेगळे दिलेले असतात. ताईच्या घड्याळातही ते होते. २९० हा एकूण आकडा होता आणि त्याखाली बारीक अक्षरांत २३८ हा सक्रिय खर्चाचा आकडा होता, ज्याकडे तिची कधी नजरच गेली नव्हती.

व्यायाम जितका सौम्य आणि दीर्घ, तितकी ही गफलत मोठी. जोरात धावताना विश्रांतीचा वाटा एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याइतका असतो, म्हणून तो सोडला तरी फारसे बिघडत नाही. संथ चालण्यात किंवा सावकाश केलेल्या योगासनांत मात्र तोच वाटा तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आणि त्याहीपुढे जातो.

तिसरी पायरी: तक्त्यातील आकडा आपल्या शरीराला लावा

ॲपने दिलेला २४९ हा आकडा कुठून आला, हे शोधणे सोपे होते. व्यायामांची तीव्रता सांगण्यासाठी ‘मेट’ नावाचे एकक वापरतात. स्वस्थ बसणे म्हणजे १ मेट, आणि चार मेटचा व्यायाम म्हणजे स्वस्थ बसण्याच्या चौपट खर्च. शेकडो कामांचे आणि व्यायामांचे मेट एकत्र देणारा मोठा तक्ता बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. पुढे २०००, २०११ आणि २०२४ साली त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. त्यातल्या २०११ च्या आवृत्तीत ताशी ५.६ किलोमीटर वेगाने सपाटीवर चालण्याला ४.३ मेट दिलेले आहेत. १ मेट म्हणजे दर किलो वजनामागे तासाला १ कॅलरी, असे गृहीत धरले की ४.३ × ५८ × १ तास = २४९. ॲपने केले ते एवढेच.

अडचण त्या गृहीतकात आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७६९ स्त्री-पुरुषांचा विश्रांतीचा खर्च प्रत्यक्ष मोजला गेला. तो दर किलोमागे तासाला १ कॅलरी नव्हे, तर सरासरी ०.८४ कॅलरी निघाला. म्हणजे तक्त्यामागचे गृहीतक सरासरीने २० टक्के जास्तीचे होते. शरीरात चरबीचे प्रमाण जितके अधिक, तितकी ही तफावत वाढते, कारण एक किलो चरबी एक किलो स्नायूपेक्षा पुष्कळ कमी ऊर्जा वापरते. ताईचा आकडाही याच्याशी जुळतो. ४८ भागिले ५८ म्हणजे दर किलोमागे ०.८३.

दुरुस्ती सोपी आहे. मध्यम वेगाच्या चालण्यासाठी मेटला वजनाने गुणण्याऐवजी पहिल्या पायरीत काढलेल्या तासाच्या खर्चाने गुणावे. ४.३ × ४८ = २०६ हा एकूण खर्च झाला. निव्वळ खर्चासाठी मेटमधून १ वजा करून गुणावे: ३.३ × ४८ = १५८. ॲपच्या २४९ पासून आपण १५८ पर्यंत उतरलो, आणि यात कसलीही कंजुषी केलेली नाही. गृहीतक दुरुस्त केले आणि जो खर्च चालण्याचा नव्हताच तो बाजूला काढला, इतकेच.

चौथी पायरी: अंतरावरून पडताळा घ्या

एकाच पद्धतीवर विसंबू नये. चालणे आणि धावणे यांसाठी अंतरावर आधारलेली वेगळी, स्वतंत्र वाट आहे आणि माझ्या मते घरच्या घरी वापरण्याजोगी सर्वांत भक्कम वाट तीच.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेच्या सूत्रानुसार सपाटीवर चालताना विश्रांतीव्यतिरिक्त दर किलो वजनामागे दर मीटरला ०.१ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, आणि धावताना त्याच्या दुप्पट, ०.२ मिलिलिटर. एक लिटर ऑक्सिजनला ५ कॅलरी हा सुरुवातीचा आकडा इथे घातला की फार सुटसुटीत नियम हाती येतात. चालण्याचा निव्वळ खर्च दर किलोमीटरला दर किलो वजनामागे अर्धी कॅलरी. धावण्याचा निव्वळ खर्च दर किलोमीटरला दर किलो वजनामागे एक कॅलरी.

ताईसाठी ५.६ × ५८ × ०.५ = १६२. तक्त्याच्या दुरुस्त वाटेने १५८ आणि अंतराच्या वाटेने १६२ आले. दोन निराळ्या रस्त्यांनी निघून आपण जवळजवळ एकाच जागी पोचलो, म्हणून मी वहीत १६० लिहिले. ६५ किलोचा माणूस ५ किलोमीटर धावला तर याच नियमाने निव्वळ खर्च ३२५ येतो आणि तेवढेच अंतर तो चालून गेला तर साधारण १६२.

नियमाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चालण्याचा नियम ताशी ३ ते ६ किलोमीटर या वेगांसाठी आहे. त्याहून झपाझप चालू लागले की दर किलोमीटरचा खर्च वाढत जातो, आणि ताशी ८ किलोमीटरच्या पुढे तर चालण्यापेक्षा धावणेच शरीराला स्वस्त पडते. धावण्याच्या बाबतीत वेगाचा परिणाम नगण्य असतो. पाच किलोमीटर २५ मिनिटांत संपवले काय किंवा ३५ मिनिटांत, निव्वळ खर्च जवळपास तोच राहतो. वाळूवर, चिखलात किंवा उंचसखल पाऊलवाटेवर खर्च वाढतो, आणि तो किती वाढेल हे सूत्र सांगत नाही.

अंतर मात्र खात्रीचे हवे. उपग्रहावरून मोजणारे घड्याळ उंच इमारतींच्या दाटीत आणि झाडीत चुकते आणि पावलांवरून मोजणारे ॲप पावलाची लांबी ढोबळ धरते. एकदा तरी ४०० मीटरच्या धावपट्टीवर, सर्वांत आतल्या मार्गिकेतून, चार फेऱ्या मारून आपले उपकरण १.६ किलोमीटर दाखवते का, हे पाहून घ्यावे.

चढाचा हिशेब

गडावर किंवा टेकडीवर जाणाऱ्यांसाठी ही पायरी महत्त्वाची आहे, कारण चढावर सपाटीचा नियम अगदीच अपुरा पडतो. त्याच संस्थेच्या सूत्रातून चढाचा वेगळा आकडा निघतो: चालत चढताना दर १०० मीटर उंचीमागे दर किलो वजनाला ०.९ कॅलरी. सपाट अंतराचा खर्च काढून त्यात हा मिळवायचा.

पुण्याजवळच्या सिंहगडाचे उदाहरण घेऊ. आतकरवाडीच्या पायथ्यापासून वर जाणारी पायवाट सुमारे पावणेतीन किलोमीटरची आणि चढ सुमारे ६०० मीटरचा. पाठीवरच्या पिशवीसह ६५ किलो वजन असलेल्या माणसासाठी अंतराचे ६५ × २.७५ × ०.५ = ८९ आणि चढाचे ६५ × ६ × ०.९ = ३५१, मिळून ४४० कॅलरी. यातला चढाचा भाग शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही तपासता येतो. ६५ किलो वजन ६०० मीटर उंच नेण्यासाठी लागणारे यांत्रिक कार्य सुमारे ३८३ किलोज्यूल, म्हणजे ९१ कॅलरी असते. स्नायूंची कार्यक्षमता फार तर २५ टक्क्यांच्या घरात असल्याने शरीराला त्यासाठी साधारण चौपट, म्हणजे ३६५ च्या आसपास, कॅलरी खर्च कराव्या लागतात. हे उत्तर ३५१ शी किती जवळून जुळते ते पाहिले की सूत्रावरचा विश्वास वाढतो. मला स्वतःला या पडताळ्याने फार समाधान मिळाले होते. पिशवीचे वजन हिशेबात धरायला विसरू नये, कारण तीन लिटर पाणी घेतले म्हणजे तीन किलो वाढले.

उतार फुकट नसतो. हलक्या उतारावर खर्च सपाटीपेक्षा कमी होतो, पण उतार तीव्र झाला की शरीर आवरून धरण्यासाठी स्नायूंना काम करावे लागते आणि खर्च पुन्हा वाढतो. म्हणून गड उतरताना सपाट अंतराइतका खर्च धरणे हा बरा मध्यममार्ग आहे.

सूर्यनमस्कार, वजने उचलणे आणि सायकल

काही व्यायामांचा अंदाज मुळातच ढिला असतो, आणि त्यात आपल्या जिव्हाळ्याचा सूर्यनमस्कार येतो. २०११ च्या तक्त्यात सूर्यनमस्काराला ३.३ मेट दिले आहेत. २००४ साली भारतात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात श्वास मोजून खर्च मिनिटाला सरासरी ३.८ कॅलरी आढळला, म्हणजे अर्ध्या तासाला सुमारे ११४. उलट २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात ६० किलोच्या व्यक्तीसाठी अर्ध्या तासाला २३० कॅलरी असा निष्कर्ष निघाला. दोन्ही ठिकाणी खर्च प्रत्यक्ष मोजलेलाच होता, तरी उत्तर दुप्पट.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. प्रत्येक स्थितीत अर्धा मिनिट थांबून, श्वास लांबवत घातलेला नमस्कार आणि एका दमात सपासप घातलेला नमस्कार हे शरीराच्या दृष्टीने दोन वेगळे व्यायाम आहेत. म्हणून केवळ ‘अर्धा तास सूर्यनमस्कार’ असे लिहिण्याला अर्थ नाही. किती नमस्कार घातले आणि किती मिनिटांत घातले, हे दोन्ही लिहावे. सावकाश घालणाऱ्याने ३.३ मेट धरावेत. घालताना सलग वाक्य बोलता येणार नाही इतका दम लागत असेल, तरच ६-७ मेटपर्यंत जावे.

वजने उचलण्याच्या व्यायामात घड्याळे विशेष फसतात. जड वजन उचलताना श्वास रोखला जातो, स्नायू आवळले जाऊन रक्तदाब वाढतो आणि नाडी झरझर वर जाते, पण ऑक्सिजनचा वापर त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय दोन फेऱ्यांच्या मध्ये माणूस बसलेला असतो. तासाभराच्या सत्रात प्रत्यक्ष वजन हातात किती मिनिटे होते, ते एकदा मोजून पाहावे. व्यायाम संपल्यानंतरही तासन्‌तास कॅलरी जळत राहतात, असे व्यायामशाळांमध्ये नेहमी सांगितले जाते. हा परिणाम खरा आहे, पण त्याचा आकार लहान असतो. उपलब्ध अभ्यासांच्या आढाव्यांनुसार तो व्यायामाच्या निव्वळ खर्चाच्या ६ ते १५ टक्क्यांच्या घरात असतो आणि वरचा आकडा गाठायला व्यायामही तितकाच तीव्र लागतो. १६० कॅलरींच्या चालण्यानंतर तो हिशेबात धरू नये.

सायकलस्वारांची स्थिती सर्वांत चांगली आहे, अर्थात सायकलला शक्तिमापक बसवलेला असेल तर. ते उपकरण पायडलवरचे यांत्रिक कार्य किलोज्यूलमध्ये मोजते. सायकल चालवताना शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते आणि एका कॅलरीत ४.१८४ किलोज्यूल असतात, त्यामुळे हे दोन गुणक एकमेकांना जवळजवळ छेदतात आणि जितके किलोज्यूल तितक्याच कॅलरी, असा सोपा नियम मिळतो. ५०० किलोज्यूलच्या फेरीला ५०० कॅलरी धरल्या तर चूक बहुधा १५ टक्क्यांच्या आत राहते. शक्तिमापक नसलेल्या सायकलच्या बाबतीत मात्र वारा, रस्ता, चढ आणि बसण्याची ढब यांमुळे केवळ वेगावरून काढलेला अंदाज फारसा उपयोगाचा नसतो.

घड्याळावर कितपत विसंबावे

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावर बांधायची सात उपकरणे ६० स्वयंसेवकांवर तपासली. सातपैकी सहा उपकरणांनी हृदयगती ५ टक्क्यांहून कमी चुकीने मोजली. ऊर्जाखर्चाच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्के चुकत होते आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. तेव्हापासून उपकरणे बदलली आहेत, तरी या निष्कर्षामागचे कारण तेच राहिले आहे. नाडी नीट मोजता येते. नाडीवरून कॅलरी काढण्याची पायरी कच्ची आहे.

नाडी आणि ऑक्सिजनचा वापर यांचे नाते प्रत्येक शरीरात निराळे असते. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट उन्हाळ्यात त्याच वेगाने चालले तरी घाम आणि उष्णता यांमुळे नाडी वाढते, आणि घड्याळ जास्त कॅलरी दाखवते, जरी स्नायूंनी काम तेवढेच केलेले असले. कडक कॉफी, अपुरी झोप, पाणी कमी पडणे, मनावरचा ताण, नुकताच येऊन गेलेला ताप, या सर्वांचा परिणाम तसाच होतो. उलट रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषध घेणाऱ्यांची नाडी औषधामुळे खाली राहते आणि घड्याळ खर्च कमी दाखवते. अशा व्यक्तींनी नाडीवर आधारलेला आकडा सोडून द्यावा आणि अंतराची वाट धरावी.

घड्याळ वापरायचेच असेल तर तीन कामे करावीत. वजन, उंची, वय आणि लिंग बरोबर भरलेले आहे का ते पाहावे आणि वजन दर महिन्याला ताजे करावे. पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर, दोन बोटे अंतरावर, हलणार नाही इतपत घट्ट बांधावा, कारण हिरव्या प्रकाशाने नाडी मोजणारा सेन्सर सैल पट्ट्यात पावलांचा ठेकाच नाडी म्हणून मोजू लागतो. आणि मैदानावरच्या आठ-दहा दिवसांच्या चालण्यासाठी घड्याळाचा सक्रिय आकडा व अंतरावरून काढलेला आकडा शेजारीशेजारी लिहावा. ताईच्या बाबतीत घड्याळ जवळजवळ दरवेळी दीडपट सांगत होते. चूक अशी एकाच दिशेची आणि एकाच मापाची असेल, तर तेच घड्याळ उपयोगी ठरते. तिने फक्त चालण्याच्या दिवशी घड्याळाच्या आकड्याला दीडने भागायचे. हा भाजक दुसऱ्या व्यायामाला मात्र लावू नये.

व्यायामशाळेतील यंत्रांबद्दल एक अनुभव सांगतो. मी काही महिने जात असलेल्या एका व्यायामशाळेतील ट्रेडमिल वजन विचारतच नसे. माझ्यापेक्षा २० किलोंनी जड असलेल्या मित्राने आणि मी एकाच वेगाने अर्धा तास चालून पाहिले, तेव्हा दोघांच्या पडद्यांवर एकच आकडा होता. वजन न विचारणाऱ्या यंत्राचा आकडा वहीत लिहू नये. आणि ट्रेडमिलला चढ देऊन पुढचा दांडा धरून चालले, की शरीराचा भार हातांवर जातो आणि यंत्राने मोजलेल्या चढाचा बराचसा खर्च प्रत्यक्षात होतच नाही.

शेवटची पायरी: चार आठवड्यांची वही

वरची सारी सूत्रे अनेक माणसांच्या सरासरीतून आलेली आहेत. आपले शरीर त्या सरासरीच्या कोणत्या बाजूला आहे, हे फक्त आपली वही सांगू शकते. २८ दिवस सलग हे करावे. रोज सकाळी शौचास जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर वजन करावे. दिवसभरात जे खाल्ले-प्यायले ते लिहावे आणि तेल, तूप, साखर, दाणे यांसारख्या दाट पदार्थांचे वजन स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर करावे, कारण चूक होते ती इथेच. २८ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे म्हणजे सुमारे १६० कॅलरी, ताईच्या १४ फेऱ्यांइतक्या, आणि हे वजन बोलता बोलता मुठीतून संपते.

एका दिवसाच्या वजनाला महत्त्व देऊ नये. मीठ, पाणी, पोट साफ असणे-नसणे यांमुळे किलोभराचा फरक सहज पडतो आणि स्त्रियांच्या मासिक पाळीच्या आधी पाणी साठून वजन वाढते. म्हणूनच चार आठवड्यांचा कालावधी सांगितला. पहिल्या आठवड्याच्या आणि शेवटच्या आठवड्याच्या सरासरी वजनांची तुलना करावी. या दोन सरासरींमध्ये खरे अंतर तीन आठवड्यांचे, म्हणजे २१ दिवसांचे असते, हे भागाकार करताना ध्यानात ठेवावे. एक किलो शरीरातील चरबीची किंमत सुमारे ७७०० कॅलरी धरतात.

ताईची सरासरी ५८.२ वरून ५७.९ किलोवर आली. ०.३ × ७७०० = २३१०, त्याला २१ ने भागले की दिवसाला ११०. वहीप्रमाणे ती रोज सरासरी १६२० कॅलरी खात होती. म्हणून तिचा खरा दैनिक खर्च १६२० + ११० = १७३०. आता सूत्राने काय सांगितले असते ते पाहू. बैठ्या दिनक्रमासाठी विश्रांतीच्या खर्चाची १.४ पट, म्हणजे १६२८, आणि आठवड्यातून सहा दिवसांच्या १६० कॅलरींचे रोजचे सरासरी १३७, मिळून १७६५. वही आणि सूत्र यांत ३५ कॅलरींचे अंतर राहिले, आणि अशा हिशेबात एवढे अंतर चुकीच्या मर्यादेत सहज बसते. घड्याळाचा २९० हा आकडा धरला असता तर तेच अंतर दीडशेच्या जवळ गेले असते.

वहीतला आकडा सूत्रापेक्षा कमी येण्याची शक्यता जास्त असते आणि त्याला शरीराचे कारणही आहे. समस्थानिकांच्या पाण्याने खर्च मोजलेल्या १७५४ प्रौढांच्या माहितीवरून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की हालचालींवर जास्तीची ऊर्जा खर्च झाली तर शरीर सरासरीने तिच्या सुमारे २८ टक्के इतकी बचत इतर कामांतून करते. सकाळी जोरात व्यायाम केलेला माणूस दुपारी नकळत जास्त बसतो, हा त्यातला डोळ्यांना दिसणारा एक भाग असू शकतो. म्हणून व्यायामाच्या निव्वळ खर्चाइतके जास्तीचे खाणे वजन कमी करू पाहणाऱ्याने टाळावे आणि फार तर त्याच्या निम्म्याचाच विचार करावा. ज्यांचे वजन आधीच कमी आहे किंवा जे रोज लांब पल्ल्याचे धावतात, त्यांना हा सल्ला लागू नाही. त्यांनी पूर्ण खर्च भरून काढायलाच हवा.

आकडा लिहिताना तो एकटा लिहू नये, सोबत पल्ला लिहावा. मोजलेल्या अंतरावर सपाटीवर चालणे-धावणे असेल तर दोन्ही बाजूंना १५ ते २० टक्के, चढ असेल तर २५ टक्के, सूर्यनमस्कार, वजने किंवा खेळ असेल तर ४० टक्के, असा मी स्वतः धरतो. ताईच्या वहीत आता चालण्याच्या रकान्यात फेऱ्या, मिनिटे आणि ‘१३० ते १९०’ एवढेच असते. जूनमध्ये पाऊस सुरू होऊन मैदानात चिखल झाला तेव्हा तिने कॅलरींचा रकाना दोन महिने रिकामा ठेवला आणि फक्त मिनिटे लिहिली.